ही रोजची धाप नव्हे

दुधाची पिशवी घेऊन मी जिना चढत होते. मधल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि वैजयंती बाहेर आली. तोंडाला ओढणी बांधलेली, हाताला कणीक.

"ताई, थांबा जरा."

मी थांबलेलेच होते, कठडा धरून. पण तिनं सांगितलं म्हणून थांबले असं तिला वाटायला नको, म्हणून लगेच पुढची पायरी चढले.

"काय गं?"

"तुम्हाला धाप लागलीय."

"आज कळलं होय तुला?"

"ही रोजची धाप नव्हे, ताई."

मी वळून तिच्याकडं बघितलं. वैजयंती माझी धाकटी जाऊ. सडसडीत बांध्याची, लगबगीनं चालणारी. जिना चढते कधी आणि उतरते कधी, कुणाला पत्ता लागत नाही. तिनं मला धापेचे प्रकार समजावून सांगावेत, हे काही मला सोसलं नाही.

"माझ्या वजनाविषयी बोलायचं अजून काही राहिलंय का तुझं?" एवढं म्हणून मी वर निघाले. वाक्य तोडून तोडून म्हणावं लागलं. वर पोचेपर्यंत तिचं दार लावल्याचा आवाज काही आला नाही.

ही गोष्ट कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली, एप्रिल महिन्यातली. कराडला मंडईजवळच्या गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान. खाली दुकान, मधल्या मजल्यावर वैजयंती आणि आमचे भावोजी, आणि सगळ्यात वर आम्ही. गच्चीला लागून खोल्या आहेत, वारं चांगलं येतं, म्हणून लग्नानंतर मीच हौसेनं वरचा मजला मागून घेतला होता. तेव्हा मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत असे, हे आता सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

बाळंतपणानंतर अंग सुटलं ते सुटलंच. थायरॉइड निघालं, गोळ्या सुरू झाल्या, वजनाचा काटा मात्र मागं फिरला नाही. घरात आम्हा दोघींना 'मोठी' आणि 'धाकटी' म्हणायचे. गल्लीतल्या बायका 'मोठी' हा शब्द जरा लांबवून म्हणायच्या आणि आपसात हसायच्या. त्याची सवय झाली होती. डॉक्टरांची झाली नाही. गुडघा दुखतो म्हणून गेले तर वजन, पाठ धरली तर वजन, एकदा कान ठणकत होता म्हणून गेले तर कानात बॅटरी मारून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाकी वजनाचं बघा जरा." त्यानंतर मी दवाखान्याची पायरी चढायचं सोडूनच दिलं. काहीही झालं की ते वजनामुळं, आणि वजन माझ्यामुळं. मग सांगायला तरी कशाला जायचं?

वैजयंतीशी बिनसलं त्यालाही हेच कारण. तिच्या मुलीच्या साखरपुड्यात सगळ्या घराचा फोटो काढायचा होता. फोटोवाला सारखा मागं सरकत होता. तेव्हा ती भरल्या हॉलमध्ये मला म्हणाली, "ताई, तुम्ही जरा मागं जाता का, बाकीचे दिसत नाहीयेत." लोक हसले. ती घाईत होती, तिच्या मनात काही नसेलही. मी मागं गेले ती गेलेच. त्या दिवसापासून पाणी आलं, दूध आलं, कुणाचं कुरिअर आलं, एवढ्यापुरतंच आमचं बोलणं राहिलं होतं.

दूध तापवायला ठेवलं आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. चार-पाच दिवसांपूर्वी ताप येऊन गेला होता. ह्यांनाही बारीक खोकला होता. दोघांनी काढा घेतला, पॅरासिटामॉल घेतली आणि साधी सर्दी म्हणून सोडून दिलं. तपासणीला गेलो असतो तर घरावर कागद चिकटवतात, ही भीती होतीच. आता ताप नव्हता. फक्त बसूनही छाती भात्यासारखी चालत होती. दूध उतू गेलं ते समोर दिसत होतं, पण उठून गॅस बंद करावा एवढं काही जमेना.

दुपारी दार वाजलं. वैजयंती होती, मागं भावोजी. तिच्या हातात ते बोटाला लावायचं यंत्र. गल्लीतल्या कुणाकडून तरी मागून आणलेलं.

"हात द्या, ताई."

"कशाला?"

"द्या तर खरं."

पहिल्या बोटावर ते नीट बसेना. मी हात मागं घेणार होते, पण तिनं पटकन करंगळीला लावलं. आकडा थरथरला आणि थांबला. अठ्ठ्याऐंशी.

"बिघडलंय ते," हे कॉटवरून म्हणाले.

तिनं स्वतःच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. ह्यांच्या बोटाला लावलं, पंच्याण्णव. पुन्हा माझ्या करंगळीला लावलं. आता सत्त्याऐंशी. ह्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"दादा, गाडी काढायला सांगितलीय," ती ह्यांना म्हणाली. "सकाळपासून फोन करतेय. कॉलेजच्या वसतिगृहात नवीन रुग्णालय उघडलंय, तिथं एक-दोन जागा आहेत म्हणतात. पण आत्ताच्या आत्ता गेलं पाहिजे."

"मी नाही यायची," मी म्हटलं.

"का?"

का ते मला तिला सांगायचं नव्हतं. टीव्हीवर रोज दिसत होतं, आत गेलेलं माणूस परत कसं येतं ते. पण खरी भीती त्याहून साधी होती. तिथं मला काट्यावर उभं करतील, एकमेकांकडं बघतील, नाकं मुरडतील, आणि आयुष्यभर ऐकलं तेच मरतानाही ऐकावं लागेल. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "मला उचलायला चार माणसं लागतील गं तिथं. कोण उचलणार?"

"मी आहे की," वैजयंती म्हणाली. तिचं वजन माझ्या निम्मं. दुसरी वेळ असती तर आम्ही दोघीही हसलो असतो.

जिना उतरताना ती माझ्या पुढं होती, उलटी, माझ्याकडं तोंड करून. दोन्ही हात माझ्या हातांखाली. लागण होईल, लांब राहा, म्हणून भावोजी मागून ओरडत होते. तिनं ऐकलंच नाही.

रुग्णालयाच्या दारात मांडव घातला होता. खुर्च्यांवर माणसं, जमिनीवर माणसं, कुणाच्या तोंडाला नळी, कुणी नुसतंच डोळे मिटून पडलेलं. प्लॅस्टिकचा पोशाख घातलेला एक माणूस प्रत्येकाला बघून आत कुणाला घ्यायचं ते ठरवत होता. घामानं निथळत होता बिचारा. त्यानं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"किती दिवस धाप आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधी तोच म्हणाला, "बाई अंगानं जास्त आहेत ना, त्यानं पण लागते. ताप आहे का आत्ता? नाही ना? मग घरी ठेवा, पालथं झोपवा, गोळ्या लिहून देतो. ऑक्सिजनचे बेड मोजकेच उरलेत."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. घरी जाता येणार होतं. मी वैजयंतीचा दंड धरला, "चल."

ती हलली नाही.

"अहो, ऐका," ती म्हणाली. आवाज चढला होता तिचा. "ही माझी जाऊ आहे. पंचवीस वर्षं ही माझ्या दारावरून जिना चढतेय. हिची धाप मला तोंडपाठ आहे. जाडेपणाची धाप कशी असते ते तुम्ही मला सांगू नका. ही ती नव्हे."

माणसं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा भर मांडवात माझ्या अंगाची चर्चा, आणि पुन्हा तिच्याच तोंडून.

आतल्या दारातून एक बाई बाहेर आल्या. ठेंगण्याशा, चष्म्यावर वाफ धरलेली, पोशाखावर पेननं नाव लिहिलेलं, 'डॉ. नाझनीन मुजावर'. आवाजावरून पोरसवदाच वाटल्या.

"काय झालं?"

त्या माणसानं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि माझ्याऐवजी वैजयंतीकडं वळल्या.

"फरक काय आहे ते सांगाल मला? नीट सांगा."

वैजयंती बोटं मोजत सांगायला लागली. "रोज ही जिन्याच्या वळणावर एकदा थांबते. थोडी टेकते, मग पुढं जाते. आज पायरी-पायरीला थांबत होती. रोज धापा टाकत असली तरी खालच्या गिऱ्हाइकाशी बोलत असते, भांडत असते. आज एक वाक्य तीनदा तोडलं. आणि रोजची धाप बसल्यावर जाते. दुपारी मी वर गेले तेव्हा ही केव्हापासून बसलेली होती, तरी तशीच."

डॉक्टरांनी माझ्या बोटाला यंत्र लावलं. पाठीला नळी लावून ऐकलं, खूप खाली, कमरेजवळपर्यंत. मग विचारलं, "वजन किती, काकू?"

आला तो प्रश्न. मी नेहमी सांगते तेच सांगितलं, खऱ्यापेक्षा दहा-बारा किलो कमी.

"ताई," वैजयंती हळूच म्हणाली, "खरं सांगा."

मी खरा आकडा सांगितला आणि मान खाली घातली. आता सुरू होईल म्हणून वाट बघत राहिले.

"ह्यांना आत घ्या," डॉक्टर त्या माणसाला म्हणाल्या. "आधी ह्यांना."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "डॉक्टर, वजन... कमी करायचं ते..."

"ते नंतर बघू. आज त्याचा विषय नाही." त्या माझ्याजवळ वाकल्या. "हे बघा काकू, हा विषाणू लागायचा तर कुणालाही लागतो. पण अंगात वजन जास्त असलं की तो जास्त त्रास देतो. चरबी नुसती पडून नसते, ती आतली सूज वाढवते. शिवाय पोटाचा भार फुप्फुसाच्या खालच्या भागावर येतो, तिथं हवा पोचत नाही. सडपातळ माणूस ज्या आकड्यावर अजून दोन दिवस काढेल, त्या आकड्यावर तुम्हाला थांबवून चालत नाही. तुमचं वजन हे तुम्हाला परत पाठवायचं कारण नाही. लवकर आत घ्यायचं कारण आहे. कळलं?"

मला कळलं की नाही कोण जाणे. मी रडायला लागले होते. रडायलाही श्वास लागतो, तो पुरेना. चाकाची खुर्ची आली. माझं वजन किती ते एव्हाना सगळ्या मांडवाला कळलं होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आतलं सगळं मला सलग आठवत नाही. मास्कचा जोराचा वारा आठवतो. शेजारच्या बेडवर कोण होतं ते आठवतं आणि मग तो बेड मोकळा झाला तेही आठवतं. सिस्टर एस्तेर कांबळे आठवतात. त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं, "पालथं झोपायचं."

मी मास्कमधूनच हसले. "सिस्टर, कित्येक वर्षांत झोपले नाही. मध्ये पोट येतं."

"पोटाला काय खुंटीवर टांगून ठेवायचं होय? त्यालाही जागा करू की." त्यांनी ब्लँकेटांच्या घड्या केल्या, एक छातीखाली, एक कमरेखाली, मधली जागा पोटासाठी मोकळी. एका मदतनिसाला हाक मारली आणि दोघांनी मला कुशीवरून अल्लाद वळवलं. एक शब्द बोलले नाहीत, नाक मुरडलं नाही, 'जोर लावा' म्हणूनही ओरडले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी यंत्रातला आकडा मला वाचून दाखवला. चढला होता. सिस्टरांनी माझ्या पाठीवर थोपटलं, पोर चांगली खेळली की थोपटतात तसं.

रोज दुपारी डबा यायचा. फाटकाशी वैजयंती घेऊन यायची. तिची तपासणी झाली होती, काही निघालं नव्हतं. ह्यांना घरीच वेगळं ठेवलं होतं, त्यांचं जेवणही तीच दाराशी ठेवत होती. डबा आत पाठवला की ती फोन करायची. सिस्टर तो माझ्या कानाशी धरायच्या.

"बोलू नका, ताई," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "नुसता श्वास ऐकवा."

मी श्वास घेत राहायचे. पलीकडं ती गप्प. फाटकावरच्या रिक्षा, माणसांची रडारड, कुणाच्या तरी नावाचा पुकारा, सगळं त्या फोनमधून ऐकू यायचं. मग ती म्हणायची, "कालच्यापेक्षा बरा आहे," किंवा "आज जरा जड वाटतोय, डॉक्टरांना सांगा," आणि फोन ठेवायची. मध्ये दोन दिवस फारच वाईट गेले. डॉक्टर मुजावर सारख्या येऊन बघून जात होत्या आणि माझ्यासमोर काही बोलत नव्हत्या. त्या दिवसांत वैजयंतीनं बरा की जड काही सांगितलं नाही. ती नुसती ऐकत राहिली. फोनही ठेवला नाही, सिस्टरांना शेवटी तो इकडून बंद करावा लागला.

ते दिवस गेले. मला लागणारा ऑक्सिजन थोडा थोडा कमी व्हायला लागला. एका दुपारी मास्क काढून नाकात साधी नळी दिली, तेव्हा मी पहिल्यांदा फोनवर बोलले.

"वैजयंती, तुला गं कसं कळलं त्या दिवशी? दार तर बंद होतं तुझं."



"पूर्वी तुम्ही वर जाताना माझ्याकडं टेकायच्या ना," ती म्हणाली. "खालच्या पायऱ्यांवर तुमचं पाऊल वाजलं की मी चहा टाकायची. वळणावर तुम्ही थांबला की साखर. तुम्ही दारात येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. तो अंदाज हातात बसला होता. मग तुम्ही यायच्या बंद झालात. कान थोडेच बंद होतात? आज ताई लवकर वर गेल्या, आज पिशवी जड दिसतेय, आज रागात आहेत. तुम्ही बोलेनात, मग मी जिनाच ऐकायची."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ताई, त्या फोटोच्या वेळी..."

"जाऊ दे गं."

"जाऊ दे कसं? मी बोलले ते वाईटच बोलले. नंतर किती वेळा तुमच्या दारापर्यंत आले आणि तशीच खाली गेले. तुमचं तोंड बघून धीर व्हायचा नाही."

"आता ये," मी म्हटलं. "आत्ता मला उठून दार लावून घेता येणार नाही."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिचा श्वास मग मी ऐकत बसले.

घरी सोडलं त्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावर स्वतः दारापर्यंत आल्या. गोळ्या समजावल्या, छातीचे व्यायाम दाखवले. मग म्हणाल्या, "आता वजनाचं बोलूया, काकू. तब्येत सावरली की मला भेटायला या. हळूहळू, जेवढं जमेल तेवढंच. उपाशी राहायचं नाही आणि स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. आणि ताप आला, धाप लागली तर पहिल्या दिवशी यायचं. वजनामुळं असेल म्हणून घरी बसायचं नाही." वजनाविषयी माझ्याशी आजवर जेवढी माणसं बोलली, त्यांत ह्या एकीचं बोलणं मला शेवटपर्यंत ऐकून घ्यावंसं वाटलं. पुढं मी गेलेही त्यांच्याकडं, अजूनही जाते. त्यांची बदली साताऱ्याला झाली, तरी जाते.

मी त्यांचे हात धरले. आभार कसे मानायचे ते सुचत नव्हतं. आमच्याकडं घरच्या माणसांना कुणी आभार म्हणत नाही, आणि ह्या परक्या पोरीला नुसतं 'थँक्यू' म्हणणं फार तोकडं होतं. सिस्टर एस्तेर मागं उभ्या होत्या. मी दोघींकडं बघून नुसते हात जोडले.

फाटकाशी गर्दी तेवढीच होती. आपलं माणूस कधी बाहेर येतंय म्हणून सगळे आत बघत होते. चाकाच्या खुर्चीतून बाहेर येताना मला त्यांच्याकडं बघवेना. तेवढ्यात वैजयंती गर्दीतून पुढं आली. माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"ताई! किती वाळलात हो!"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी तरी वाळलीस म्हणत होतं, आणि तेही असं रडवेल्या तोंडानं. हसावं की रडावं ते कळेना.

"घरी चला. शिरा करते. तूप घालून, भरपूर."

"शिरा खुशाल करा," मागून डॉक्टर म्हणाल्या. "पण तो तुम्ही खा. काकूंना दोन चमचे पुरे."

"मी?" वैजयंतीनं डोळे पुसायला हात वर केला, आणि तिच्या हातातल्या बांगड्या खळ्ळकन घसरल्या, पार कोपरापर्यंत.

मी बघतच राहिले. त्या बांगड्या संक्रांतीला मीच भरल्या होत्या. दुकानात येऊन ती काही न बोलता समोर बसली होती, हात पुढं केला होता, आणि मीही काही न बोलता भरल्या होत्या. हात चोळून, माप बघून, अगदी घट्ट. बांगडी भरताना माझं माप कधी चुकत नाही. मनगटावरून बोटभरसुद्धा हलणार नाहीत अशा बसल्या होत्या. आता त्या कोपराशी जाऊन थांबल्या होत्या. दोन घरचा स्वयंपाक, रोजची फाटकावरची उन्हं, आणि फोनला कान लावून घेतलेला तो एकेक श्वास. एवढे दिवस मी तिच्याकडून खात होते, आणि ती काय खात होती ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि बांगड्या एकेक करून खाली मनगटापर्यंत आणल्या. त्या तिथं ठरत नव्हत्या.

"तुला आता लहान माप लागेल," मी म्हटलं.

"नाही लागायचं," वैजयंती म्हणाली. "ह्याच बसतील परत. चला घरी."